डस्टर माझ्या कपाटात आहे

अनसू, परवा शनिवारी तुझी शोकसभा झाली. आपल्याच शाळेत, वऱ्हांड्यात सतरंज्या टाकून. तू असतीस तर पहिल्या पाच मिनिटांतच पदर तोंडाला लावून हसत बसली असतीस. पंचायत समितीतून आलेले साहेब माईकपुढे उभे राहिले आणि म्हणाले, अनसूयाबाईंची वाणी अत्यंत शुद्ध होती, खेड्यातल्या मुलांवर त्यांनी आयुष्यभर शुद्ध भाषेचे संस्कार केले. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हे. ज्या भाषेपायी तुला जंगलाकाठच्या शाळेत नेऊन टाकलं, ती भाषा तुझ्या फोटोसमोर त्यांनी दोन वाक्यांत गिळून टाकली. वर हार घातला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी अध्यक्ष होते ना. अध्यक्षानं शेवटी बोलायचं असतं, म्हणून गप्प बसले. खरं सांगू? हे कारण मी नंतर शोधलं. मी गप्प बसले कारण साहेब समोर असले की गप्प बसायची मला सवय आहे. तुझ्याइतकं हे कुणाला माहीत असणार?

पुढचं ऐक. साहेबांनंतर सगुणा उठली. आपली सगुणा, माझ्या वर्गात वर्षभर एक शब्द न बोललेली. आता तिला सहा वर्षांची पोरगी आहे. ती माईकजवळ आली, तुझ्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "अनसूबाईनं मले बोलाले लावलं." एवढंच. पुढच्या रांगेतली दोन-तीन माणसं हसली. माईक धरून उभे असलेले आपले नवे गुरुजी हळूच तिला म्हणाले, ताई, जरा नीट भाषेत बोला. पोरगा वाईट नाही, त्याला वाटलं आपण मदत करतोय. सगुणा एकदम थांबली. आली तशी मागे जाऊन बसली, आणि अनसू, तिनं तोंडावर बोट ठेवलं. बाईमाणूस झालेली, एका पोरीची आई असलेली सगुणा, आणि तोंडावर बोट. ते बोट मी ओळखते. ते मीच ठेवलं होतं.

आणि मी काय केलं? अध्यक्ष म्हणून उठले आणि म्हणाले, आता आपण दोन मिनिटं शांतता पाळू या.

त्या दोन मिनिटांत मला सगळं आठवलं. ते आज तुझ्याजवळ बोलते. शाळा सुटली आहे, पोरं घरी गेली आहेत, समोर वर्ग रिकामा आहे.

आपण दोघी सानगडीत एकाच घराच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो ते दिवस. मी तुझ्या दोन वर्षं आधी नोकरीला लागलेली, म्हणून दोन शिक्षकी शाळेची इनचार्ज मी. तुझा चुलीवर भात, माझी लाखोरीची डाळ, आणि जेवताना दोघींचं भांडण. सकाळी तलावाच्या पाळीवरून पाऊण तास चालत शाळेत. दिवाळीच्या सुमारास तलावातले शिंगाडे निघाले की तू ओच्यात उकडलेले शिंगाडे घ्यायचीस आणि सोलून सोलून मला द्यायचीस. भांडताना तोंड बंद राहावं म्हणून देते, असं म्हणायचीस.

माझ्या वर्गाचा नियम तुला पहिल्याच आठवड्यात खटकला. बोलायचं तर नीट बोलायचं, नाहीतर तोंडावर बोट. पोरगं म्हणालं, "बाई, मले पानी पिवाले जाऊ द्या," की मी ऐकलंच नाही असं दाखवायचे. नीट म्हण, मग जा. पोरं हुशार, आठ-पंधरा दिवसांत तीन-चार वाक्यं पाठ करायची आणि त्या वाक्यांच्या पलीकडे काही बोलायचीच नाहीत. वर्ग कसा शांत. साहेब यायचे, माझ्या शांत वर्गाला 'उत्तम' म्हणून जायचे. सगुणा त्यांच्यात सगळ्यात शांत. तिनं जूनमध्ये जे बोट ठेवलं ते एप्रिलपर्यंत काढलं नाही. निकालपत्रकात तिच्या नावापुढे मी माझ्या सुबक अक्षरात लिहिलं, मंद. आणि नापास केलं.

मी दुष्ट नव्हते, हे तुला माहीत आहे. तुला मी एकदाच सांगितलं होतं, नागपूरला शिक्षणशास्त्राच्या वर्गात पहिल्या दिवशी मी उठून "मले समजलं नाही" म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. वर्षभर पोरी मला 'मले' म्हणूनच हाक मारायच्या. मी तेव्हाच ठरवलं, माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही लेकराला कोणी असं हसता कामा नये. हे ऐकून तू शिंगाडा सोलायची थांबलीस. मला वाटलं, आता हिला पटलं. आणि तू म्हणालीस, "हासनाऱ्याले शिकवू ना मंग, निर्मला. पोराले काहून गप बसवतेस?"

मला राग आला. वीस वर्षं झाली, उत्तर अजून सापडलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी आपण वर्ग बदलले. पहिली तुझ्याकडे गेली, आणि तिच्यात नापास झालेली सगुणाही. तू पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाहीस. जमिनीवर त्यांच्यात मांडी घालून बसलीस आणि विचारलंस, "का खाऊन आले रे आज?" अरे बाप रे, काय तो गलका. मधल्या भिंतीपलीकडे माझ्या वर्गात मला माझाच आवाज ऐकू येईना. मी दारात येऊन उभी राहिले. कोणी पेज सांगतंय, कोणी मासोऱ्या, कोणी सांगतंय आजी रागावली म्हणून काहीच नाही. तू एकेकाचं बोलणं घेऊन फळ्यावर लिहीत होतीस, जसं बोलले तसं. मग बोट ठेवून वाचायला लावायचीस. ज्यानं सांगितलं त्याला ते आधीच ठाऊक, त्यामुळे तो धडाधड वाचायचा. बाकीचे त्याच्या मागून. पोरं स्वतःचं बोलणं वाचून वाचायला शिकत होती आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

सगुणा तिसऱ्या आठवड्यात बोलली. रात्री पाऊस येऊन गेला होता आणि धानाच्या बांधीतून वाहत्या पाण्यात तिच्या बापानं बांबूची टोपली लावली होती. टोपलीत मासोऱ्यांबरोबर एक खेकडा आला. तो खेकडा चुलीपर्यंत चालत गेला आणि आजी खाटेवर चढली. पाच मिनिटं बोलत होती. माझी मंद पोरगी. मी भिंतीपलीकडून ऐकत होते आणि माझ्या हातातला खडू तसाच राहिला होता.

तुला मी त्या दिवशी शाबास म्हणायला हवं होतं. घरी जाताना मी म्हटलं, हे सगळं ठीक आहे, पण पुस्तक कधी काढणार? तू म्हणालीस, दिवाळीनंतर. मी म्हटलं, उशीर होतो. तिथून आपलं ते भांडण सुरू झालं, ते काही तुझ्या जाण्यानंही संपलेलं नाही.

तू विचारलंस, तुझा बाप धानाच्या रोपांचे पऱ्हे कुठं टाकतो? मी म्हटलं, विहिरीजवळच्या वाफ्यात. मग रोवणीच्या वेळी काय करतो? उपटून बांधीत लावतो. मुळं तोडून लावतो का? मी म्हटलं, नाही. झालं तर मग, म्हणालीस. घरची भाषा म्हणजे तो विहिरीजवळचा वाफा. तिथं रोप बोटभर वाढू दे, मग ने पुस्तकाच्या बांधीत.

पण मीही शेतकऱ्याचीच पोरगी. मी म्हटलं, आवत्या धान पण पिकतोच की. पऱ्हे नाही, रोवणी नाही, सरळ बांधीत बी फेकायचं. तू चालता चालता उभी राहिलीस. "पिकते. पन निंदन किती करा लागते, ते सांग. आन् निंदता निंदता कितीक रोपं खुरप्याखाली जाते, तेयी सांग."

सगुणाचं नाव तू घेतलं नाहीस. मला ते कळलं आणि मी संतापले. काय काय बोलले आता आठवत नाही, पण बोलता बोलता मले-तुले, काहून-कायले सगळं बाहेर आलं. तू टाळ्या पिटत हसलीस. आता कशी बोललीस, म्हणालीस, राग आला की खरी निर्मला येते. घरापर्यंत मी तुझ्या दहा पावलं पुढे चालले.

दिवाळीनंतर तू शब्दाला जागलीस. फळ्याच्या एका अंगाला पोरांचं वाक्य, दुसऱ्या अंगाला तेच पुस्तकाच्या भाषेत. हे घरचं, हे पुस्तकाचं, दोन्ही आपलं. हे मी सगळ्यांना सांगत फिरणार आहे, कारण तुझ्याबद्दल लोक अजून म्हणतात की या बाईनं पोरांना पुस्तकाची भाषा शिकवलीच नाही. चोराच्या उलट्या बोंबा आहेत या. तुझी पोरं पुस्तक वाचायची, समजून वाचायची. माझी पाठ म्हणायची.

मग तो दिवस. तेव्हाचे साहेब, आता निवृत्त झालेले. फळ्यावर पोरांचं वाक्य होतं. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि स्वतःच्या हातानं पुसलं. पोरं बघत राहिली. जिचं वाक्य होतं ती सगुणा तर फळ्याकडे बघतच राहिली. तू शांतपणे म्हणालीस, "साहेब, ते तिनं सांगतलं होतं. पुसाच्या आधी वाचून तं पाहा लागत होतं." साहेबांनी शेरेबुक मागवलं आणि लिहिलं की पहिलीच्या शिक्षिका फळ्यावर ग्राम्य व अशुद्ध भाषा लिहितात, विद्यार्थ्यांचे नुकसान होते. मग शेरेबुक माझ्यापुढे सरकवलं. इनचार्ज म्हणून खाली लिहा, म्हणाले.

मी लिहिलं, मान्य. सही केली.

कोणी माझा हात धरला नव्हता, अनसू. धमकीही दिली नव्हती. मला फक्त त्या खुर्चीसमोर पुन्हा नागपूरच्या वर्गात उभं असल्यासारखं वाटलं. सगळे हसतील असं वाटलं. एवढ्यासाठी मी तुला विकलं. जूनमध्ये तुझी बदली आली, जंगलाकाठच्या गावी, जिथं एसटी पावसाळ्यात जात नव्हती. तू पेटी भरलीस, माझ्यासाठी चुलीजवळ सुकी लाकडं रचून ठेवलीस आणि गेलीस. मान्य हा शब्द तू वाचला होतास का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मग दरवर्षी दिवाळीनंतर सानगडीच्या मंडईत, त्या जत्रेत, आपण भेटायचो. बाजार फिरायचो, दंडारीचा नाच-खेळ बघायचो, मुरमुरे खायचो. तू तिकडच्या पोरांच्या गोष्टी सांगायचीस आणि मी नाक मुरडायचे. एका वर्षी बांगड्यांच्या दुकानासमोर माझा हात हातात घेऊन तू म्हणालीस, "तुही सही लय सुबक हाय, निर्मला." मी तुझ्याकडे बघितलं. तू बांगड्यांकडे बघत होतीस. मग तू मला हिरव्या बांगड्या भरायला लावल्यास. झालं. तेवढंच. शिव्या दिल्या असत्यास तर मला बरं वाटलं असतं, पण तू मला तेवढी सूट दिली नाहीस.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तुला कधी सांगितली नाही. तू बदलून गेल्यानंतरच्या वर्षी मी पहिलीला परत घेतलं आणि तोंडावरचं बोट बंद केलं. जमिनीवर बसले. "का खाऊन आले रे" म्हणाले. पोरांचं बोलणं फळ्यावर लिहिलं, पुस्तक दिवाळीनंतर काढलं, तू सांगितल्याप्रमाणे अगदी. पंधरा वर्षांवर झाली. आणि साहेब येणार असं कळलं की सकाळी लवकर येऊन मी स्वतः फळा पुसायचे. घासून घासून पुसायचे, खडूची रेघ राहता कामा नये. मग पुस्तकातलं वाक्य लिहायचे. साहेब पोरांना वाचायला लावायचे, पोरं फडफड वाचायची, आणि शेरेबुकात माझ्या नावानं 'उत्तम' यायचं. ते सगळे 'उत्तम' तुझे आहेत. मी ते पंधरा वर्षं माझ्या नावावर घेतले. मंडईत तुझ्यासमोर नाक मुरडत राहिले, आणि सोमवारी शाळेत येऊन तुझंच शिकवत राहिले. तुला कळलं असतं तर तू केवढी हसली असतीस. मला वाटायचं, पुढच्या मंडईला सांगू. पुढच्या मंडईला सांगू.

आज सोमवार. सकाळी सगुणा आली, पोरीला शाळेत घालायला. पोरगी आईच्या मागे लपलेली. शनिवारी जे झालं त्याबद्दल मी काही बोलणार, तोच सगुणाच म्हणाली, "मोठ्या बाई, हे घरी लय बोलते जी. इथं बोलनार नाही सुरवातीले. तुमी मंद म्हनून लिवू नोका."

तिला माहीत होतं. निकालपत्रक कोणी तिला दाखवलं, कोणी वाचून सांगितलं, कोण जाणे. वीस वर्षं तो शब्द घेऊन ही बाई रोवणीला गेली, नवरी झाली, आई झाली. मी खुर्चीवरून उठले. तिला म्हटलं, "सगुणा, मंद तू नव्हती. चुकी माही होती. शनिवारी पन माहीच चुकी होती." माझ्या तोंडून ते तसंच आलं, मी ठरवलं नव्हतं. सगुणा म्हणाली, "हाव जी. माहीत हाय." मग पोरीचे केस नीट केले आणि कामाला जायचं म्हणून निघाली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. कशाला म्हणेल? तिनं पोरगी माझ्याकडे ठेवली, तेवढं मला पुरलं.

पोरीचं नाव पुष्पा. मी तिच्यासमोर खाली बसले. गुडघे आता पूर्वीचे राहिले नाहीत, कुरकुरतात. का खाल्लं व, विचारलं. काही नाही. दुसरं विचारलं, काही नाही. मग मी दुसऱ्या पोरांकडे वळले, आणि मधल्या सुट्टीच्या थोडं आधी मागून आवाज आला, "आमच्या बकरीले दोन पिल्लं झाले. एक कारा, एक पांढरा. काऱ्याले माही माय मंग्या म्हनते." मी उठून फळ्यावर लिहिलं, जसं बोलली तसं. मी अक्षरांखाली बोट फिरवत गेले, पोरं मागून वाचायला लागली. पुष्पा सगळ्यात मोठ्यानं.

शाळा सुटताना नवे गुरुजी आले. उद्या शनिवारचेच साहेब पटनोंदणी बघायला येणार आहेत. गुरुजींना माझी सवय ठाऊक आहे. म्हणाले, मोठ्या बाई, फळा मीच पुसून ठेवू का? मी म्हटलं, डस्टर इकडे द्या. त्यांनी दिलं. मी ते कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. पोरगा बघत राहिला. मग मी त्याला म्हटलं, गुरुजी, सगुणाबाईला शनिवारी तुम्ही गप्प केलं, मी तुमच्याहून मोठी असून बघत बसले. उद्या दोघांनी मिळून साहेबांना हे फळ्यावरचं वाचून दाखवायचं आहे. तो म्हणाला, ते रागावतील. रागावू द्या, मी म्हटलं. मला वाटतं तो येईल. नाही आला तरी पुष्पा आहे.

आता सगळे गेले. जुनं शेरेबुक काढलं, पान उघडून बघितलं. शाई फिकी झाली आहे, पण माझा 'मान्य' स्वच्छ वाचता येतो. खरंच सुबक आहे. शेरेबुकात शिक्षकानं शेरा लिहायचा नसतो, तो साहेबांचा मान. मी त्या पानाखाली आजची तारीख घालून लिहिलं: "आज पयल्या वर्गात सगुणाची पोरगी बोलली. पोरायनं वाचलं. अनसूबाईनं शिकवल्यापरमानं." सही केली.

उद्या साहेब हे वाचतील. शनिवारी ज्या तोंडानं तुझी वाणी शुद्ध म्हणाले, त्याच तोंडानं म्हणतील, हे अशुद्ध आहे. त्यांचा शेरा लिहितील. बदली म्हणतील तर करू देत. जंगलाकाठच्या त्या शाळेत तुझी पोरं अजून असतील, मला ओळखतील का बघू. मग ते शेरेबुक माझ्यापुढे सरकवतील आणि म्हणतील, इनचार्ज म्हणून खाली लिहा.

नाही लिवत, अनसू. तुह्या नावानं सांगते. या वक्ती मी नाही लिवत.